कोरफडीचं खातं

माझा चेहरा हा आमच्या घरात कधीच चर्चेचा विषय नव्हता. बँकेत गेली बावीस वर्षं मी काचेच्या एका बाजूला आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला असा संसार चालू आहे; पण गिऱ्हाईकाची नजर माझ्या हातांकडे असते, तोंडाकडे नाही. मोजणाऱ्याचं तोंड कसंही असलं तरी नोटा तेवढ्याच भरतात. त्यामुळे भाचीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना बायकोने एकाएकी माझ्याकडे निरखून पाहिलं, तेव्हा मी घाबरलोच.

"अहो, तुम्ही मामा आहात," ती म्हणाली. "मुलीच्या मागे उभं राहायचंय तुम्हाला. प्रत्येक फोटोत याल. चेहऱ्याला काहीतरी लावा."

ताबडतोब आमच्या कन्येने कपाटातून एक हिरवी बरणी काढली. आत कोरफडीचं जेल. वजन २०० ग्रॅम, किंमत ३९९ रुपये. वर लिहिलं होतं, 'राणी क्लिओपात्राच्या सौंदर्याचं रहस्य.' मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मनातल्या मनात गुणाकार झाला, किलोला दोन हजारांना पाच रुपये कमी. या भावात काजू येतात, आणि ते खाताही येतात. शिवाय हीच कोरफड आमच्या बाल्कनीत आईने डालडाच्या जुन्या डब्यात लावलेली होती, आणि तिला कुणी वर्षानुवर्षं पाणीसुद्धा आठवणीने घातलेलं नव्हतं. फुकटचा माल घरात असताना बाजारातून विकत आणणं हे माझ्या शिक्षणाला शोभणारं नव्हतं.

रात्री साडेदहाला, सगळी झोपल्यावर, मी एक जाडजूड पान कापलं, मधोमध चिरलं आणि सालासकट तोंडावर खसाखसा घासलं. थोडं पिवळं पाणी आलं. मला वाटलं, चला, अर्क आला. उग्र वास आला. मला वाटलं, औषध म्हटलं की वास यायचाच. थोडं चुरचुरलं. मला वाटलं, गुण येतोय.

सकाळी आरशात मारुतीराया उभे होते. दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी शेंदूर फासल्यासारखी लाल, आणि कपाळावर बारीक पुरळ. त्वचेच्या डॉक्टरांनी सहाशे रुपये घेऊन एकच प्रश्न विचारला, "पान कापल्यावर पिवळा चीक निथळू दिला होता का?" मी गप्प. त्यांनी २४५ रुपयांचं मलम लिहून दिलं. एकंदर खर्च ८४५. म्हणजे दोन बरण्या येऊन वर सत्तेचाळीस रुपये उरले असते.

घरी आलो तर आई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा मेथीत घातली.

"चीक काढायचा असतो हे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"न माहीत असायला काय झालं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला विचारलंस कुठे? तू पदवीधर."

लग्नात मी प्रत्येक फोटोत आलो. भेटणारा प्रत्येक जण म्हणाला, "उन्हातून आलात वाटतं!"

आता आमच्या बँकेत कुणी घर तारण ठेवायला आलं, की वकिलाकडून तीस वर्षांचा टायटल सर्च काढतात. जागा मुळात कुणाची, कुणी कुणाला विकली, मध्ये कुणाचा बोजा चढला, सगळं बघतात आणि मगच पैसे देतात. मी मात्र कसलाही सर्च न काढता अख्खा चेहरा तारण ठेवला होता. ही चूक सुधारायची म्हणून मी चार दिवस रजा टाकली (तसाही काउंटरवर बसण्याजोगा नव्हतो) आणि कोरफडीचा सर्च काढायला घेतला. तो तीस वर्षांवर न थांबता साडेतीन हजार वर्षं मागे गेला.

प्रथम मालमत्तेचं वर्णन. कोरफडीच्या पानाला बाहेरून हिरवं साल. सालाला आतून चिकटून बारीक नळ्या, त्यांत पिवळा, जहाल कडू चीक. आणि मध्ये पारदर्शक गर. गरात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के पाणीच असतं. आमच्या दूधवाल्यालाही अजून एवढं जमलेलं नाही. गर म्हणजे झाडाने दुष्काळासाठी टाकलेलं बचत खातं, आणि चीक म्हणजे त्या खात्यावरचा पहारेकरी. जनावराने तोंड लावलं की आधी त्याची गाठ पहारेकऱ्याशी पडते. मी तोंड लावलं नव्हतं, तोंडाला लावलं होतं, इतकाच फरक.

तात्पर्य, एका पानात दोन भाडेकरू राहतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे. हे लक्षात ठेवा, कारण कोरफडीचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोघांतला वाद आहे.

बाईंचं माहेर कुठलं? २०१५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकांची तपासणी करून निष्कर्ष काढला की अरबस्तानातलं. कोरफडीच्या पाचशेहून अधिक जाती आहेत, पण आपल्या बाल्कनीतली ती एकच जगभर गेली. इजिप्तमध्ये इ. स. पूर्व १५५०च्या सुमाराचा एबर्स पपायरस म्हणून औषधांचा लांबलचक कागद आहे, त्यात कोरफडीची नोंद सापडते. क्लिओपात्रा वारली इ. स. पूर्व ३० साली. म्हणजे हा कागद तिच्याही आधी दीड हजार वर्षं तयार होता. पण ती स्वतः तोंडाला कोरफड लावत असे, याला तिच्या काळातला पुरावा नाही. बरणीवरची तिची सही बनावट आहे. आमच्याकडे असा चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत जातो. दुकानात मात्र तो ३९९ रुपयांना वटतो.

पहिली भक्कम नोंद करणारा माणूस म्हणजे ग्रीक वैद्य डायोस्कोरायडीस. इसवी सनाचं पहिलं शतक. त्याने लिहिलं आहे की कोरफड हिंदुस्थानात भरपूर होते आणि तिचा रस तिकडून येतो. हा रस म्हणजे वाळवलेला कडू चीक. त्याची पूड जखमांवर टाकावी, पोट साफ होण्यासाठी घ्यावी, आणि केस गळू नयेत म्हणून वाइनमध्ये कालवून डोक्याला चोळावी. हा शेवटचा भाग मी दोनदा वाचला. वाइन डोक्याच्या आतून काम करते एवढं ऐकून होतो. त्याच्या ग्रंथाची इ. स. ५१२च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या एका राजघराण्यातल्या बाईसाठी केलेली सचित्र प्रत आजही व्हिएन्नात आहे, आणि तिच्यात कोरफडीचं चित्र आहे. ते मी बाल्कनीत नेऊन झाडाशी ताडून पाहिलं. ओळख पटली. फक्त डबा डालडाचा नव्हता.

आपल्याकडे तिचं नाव कुमारी, घृतकुमारी. गृहकन्या असंही एक गोड नाव आहे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त तिच्या गुणांच्या यादीत भाजणं, फोड आणि त्वचेचे विकार हे सगळं येतं. वाळवलेल्या चिकाला आपण काळा बोळ म्हणतो, आणि तो बाळंतिणीच्या औषधांत असतो. लहानपणी आईच्या फडताळातला काळा बोळ मी गूळ समजून खाल्ला होता. त्या दिवशीची चव अजून जिभेवर आहे, आणि बाकीचा परिणामही विसरण्यासारखा नव्हता.

मग आले व्यापारी. एडनच्या आखाताच्या तोंडाशी सोकोत्रा नावाचं बेट आहे. तिथली कोरफड आपल्या कोरफडीची चुलत बहीण, पण तिचा चीक फार नावाजलेला. अरब लेखकांनी एक दंतकथा लिहून ठेवली आहे की ॲरिस्टॉटलने आपला शिष्य सिकंदर याला, बाबा रे, काही कर पण ते कोरफडीचं बेट सोडू नकोस, असा सल्ला दिला. ती खरी नसेलही, पण गुरूने शिष्याला रेचकासाठी लढाईवर धाडावं ही कल्पनाच मला आवडली. १५०७ साली पोर्तुगीजांनी ते बेट घेतलं. १५१०मध्ये त्यांना गोवा मिळालं आणि १५११मध्ये ते सोकोत्रा सोडून गेले. गोवा मिळाल्यावर रेचक कोण घेत बसतो?

अरबीत कोरफडीच्या नावाचं मूळ आणि धीराच्या 'सब्र' या शब्दाचं मूळ एकच. धीर कडूच असतो, आणि ही बाई माती-पाण्यावाचून वर्षानुवर्षं जगते. एडवर्ड लेन नावाच्या इंग्रजाने १८३६ साली कैरोतल्या चालीरीतींवर पुस्तक लिहिलं, त्यात नव्या घराच्या दारावर कोरफड टांगण्याची रीत आहे. घरातल्यांना तिच्यासारखं दीर्घायुष्य लाभावं म्हणून. आमच्या बँकेशेजारच्या किराणा दुकानाच्या दारावरही एक कोरफड उलटी टांगलेली आहे. मालकांना विचारलं तर म्हणाले, "दृष्ट लागत नाही." त्यांची उधारीची वही पाहता सब्र हा अर्थ जास्त बरोबर वाटतो.

कोलंबसची गंमत आणखी वेगळी. ऑक्टोबर १४९२मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या बेटांवर पाय ठेवून पंधरा दिवसही झाले नव्हते तेव्हा, त्याने रोजनिशीत लिहिलं की इथे कोरफड दिसली, ती फार मोलाची आहे म्हणतात, दहा क्विंटल गलबतावर चढवणार. आता त्या काळी अमेरिकेत कोरफड नव्हतीच! त्याने पाहिली ती बहुधा घायपात. तारण मालाची तपासणी न करता किंमत ठरवली की असं होतं. पुढे गोऱ्या लोकांनीच खरी कोरफड तिकडे नेऊन लावली आणि घायपात आपल्याकडे आली, तेव्हा हिशेब मिटला म्हणायचा.

सतराव्या शतकापासून बार्बाडोस बेटावर कोरफडीचा मोठा धंदा सुरू झाला. तिथली रीत वाचताना मी जरा ताठ बसलो. पानं कापायची आणि कापलेलं टोक खाली करून उतरत्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या लाकडी पन्हळीत तिरपी रचून ठेवायची. चीक आपोआप निथळून खालच्या भांड्यात जमतो. तो तांब्याच्या कढईत आटवायचा, भोपळ्यांत ओतायचा, थिजला की भोपळे लंडनला. आणि गराने भरलेली पानं? ती फेकून द्यायची!

याच बेटावरून कोरफडीच्या नावाचा खटला झाला. एप्रिल १७६८मध्ये बर्मन या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'व्हेरा', म्हणजे 'खरी', असं नाव छापून दिलं. त्यानंतर साधारण दहा दिवसांनी लंडनच्या चेल्सी बागेचे मिलर यांनी तिलाच 'बार्बाडेन्सिस' म्हणून छापलं. ज्याची तारीख आधीची त्याचं नाव खरं, हा वनस्पतिशास्त्राचा नियम, आणि आमच्या क्लिअरिंगचाही. दहा दिवसांनी मिलरसाहेबांचा चेक परत गेला. तरी कन्येच्या बरणीवर पुढे मोठ्या अक्षरांत 'व्हेरा' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'बार्बाडेन्सिस' आहे. संयुक्त खातं.

इथवर आल्यावर मी वहीत दोन रकाने पाडले, चिकाचा आणि गराचा. चिकाचा रकाना दोन पानं भरून वाहिला. बेटं, राजे, गलबतं, भोपळे, सगळं त्यात. गराच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. का? कारण अगदी कारकुनी आहे. चीक वाळवला की दगडासारखा होतो, सहा महिने गलबतात पडला तरी बिघडत नाही. गर कापल्यावर काही तासांत रंग बदलतो, दुसऱ्या दिवशी पाणी होतो. तो गलबतात चढूच शकत नाही. जे गलबतात चढत नाही त्याची पावती नाही, आणि ज्याची पावती नाही त्याचा इतिहास नाही. गर राहिला जिथे झाड होतं तिथे, परसात, चुलीजवळ, पोळलेला हात धरून आलेल्या पोराच्या आईपाशी.

त्याची पावती फाटली ती १९३५ साली, अमेरिकेत. क्ष-किरणांचा शोध १८९५चा. मग त्यांचे भाजण्याचे प्रकारही आले, आणि ते व्रण लवकर भरत नसत. कॉलिन्स आडनावाच्या दोघा डॉक्टरांनी एका स्त्रीच्या कपाळावरच्या अशा व्रणावर कोरफडीचं ताजं पान लावलं. चोवीस तासांत आग आणि खाज शमली, काही आठवड्यांत कातडी भरून आली, आणि त्यांनी ते क्ष-किरणांच्या मासिकात छापलं. मग गर टिकवायची खटपट सुरू झाली, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती साधली, आणि गर अखेर गलबतात चढला. ती हिरवी बरणी तीच.

उलट २००२ साली अमेरिकेच्या औषध खात्याने दुकानात सहज मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक काढून टाकायला लावला. तो सुरक्षित आहे याचे पुरेसे कागद कुणी दाखल केले नव्हते. ज्याच्यासाठी बेटं जिंकली तो फेकायचा, आणि जो फेकत होते तो ग्रॅमला दोन रुपयांनी विकायचा. जमेची रक्कम नावे गेली आणि नावेची जमेला. माझ्या नोकरीत एवढी मोठी नोंद उलटलेली मी पाहिलेली नाही, आणि आमच्याकडे बरंच उलटतं.

तुम्ही म्हणाल, गुण येतो का ते सांगा. ताळेबंद जसा आहे तसा देतो. २००७ साली थायलंडच्या संशोधकांनी भाजण्यावरच्या चार चाचण्या, ३७१ रुग्ण, एकत्र पाहिले. कोरफडीने जखम सरासरी नऊ दिवस आधी भरली. ही जमा. १९९१ सालच्या एका अमेरिकन पाहणीत पोटावरच्या शस्त्रक्रियेच्या, आपोआप भरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या जखमांना कोरफडीचं जेल लावलं, तर ५३ दिवसांऐवजी ८३ दिवस लागले. हे नावे. सोरायसिसवर १९९६च्या चाचणीत चमत्कार दिसला. २००५च्या डेन्मार्कच्या चाचणीत कोरफड नसलेलं साधं जेलच थोडं सरस ठरलं. २०१२ साली सगळ्या जखमांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी शेरा मारला, पुरावा अपुरा. पूर्ण पानाचा, म्हणजे चिकासकट, अर्क पोटात घेणं कर्करोगाच्या दृष्टीने संशयित यादीत आहे. सुरकुत्या जाऊन क्लिओपात्रा होण्याची नोंद कुठेच नाही. किरकोळ भाजणं, उन्हाने पोळणं, कोरडी कातडी, इथवर खातं चांगलं चालतं. त्यापुढे कर्ज देऊ नये.

आणि २०१६ साली अमेरिकेत एका वृत्तसंस्थेने मोठमोठ्या दुकानांची काही कोरफड-जेलं प्रयोगशाळेत तपासून घेतली, तर त्यांत कोरफडीचा मागमूस लागला नाही. पासबुकावर शिल्लक, खात्यात शून्य!

रजेचा शेवटचा दिवस होता. हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर घरच्यांना वाचून दाखवत होतो. बार्बाडोसपर्यंत आलो असेन, तेवढ्यात आतून कन्येची किंकाळी आली. केस सरळ करायची ती इस्त्री असते, तिचा मनगटाला चटका बसला होता. मी वही घेऊन उठलो. बायको बर्फ शोधू लागली. आई मात्र तिला मोरीत घेऊन गेली.

"आधी नळाखाली धर. बर्फ नको. आणि मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही."

चांगली वीस मिनिटं पाणी वाहत होतं. (पाणीपट्टीचा विचार माझ्या मनात आला, पण मी बोललो नाही.) फोड आला नव्हता, नुसतीच लाली होती. आईने तेवढं नीट पाहिलं. फोड आला असता तर डॉक्टरकडे नेलं असतं, म्हणाली. मग ती बाल्कनीत गेली, सगळ्यात खालचं, बाहेरचं, जुनं पान बुडापाशी कापलं, आणि कापलेलं टोक खाली करून एका वाटीत तिरपं उभं केलं.

"आजी, आता काय?" कन्येने विचारलं.

"आता थांबायचं. चीक उतरू दे."

मी वाटीपाशी उभा राहिलो. पिवळा थेंब, मग दुसरा. वाटीच्या तळाशी हळूहळू सोकोत्रा आणि बार्बाडोस जमा झालं. पंधरा-वीस मिनिटांनी आईने पान धुतलं, साल सोललं, गर पुन्हा धुतला, आधी नातीच्या कोपराजवळ चिमूटभर लावून तिथे लाल होत नाही ना ते पाहिलं, आणि मग मनगटावर ठेवला. वाटीतला चीक तिने मोरीत ओतून टाकला.

"तुला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"तुझ्या आजीने."

"आणि तिला?"

"तिच्या सासूने शिकवलं असेल. पुस्तकात बघितलं नव्हतं एवढं नक्की. तिला वाचता कुठे येत होतं?"

मी वहीत गराच्या रकान्यापाशी आलो आणि सगळं क्रमाने लिहून घेतलं. खालचं पान, बुडापासून, टोक खाली, वीस मिनिटं. आई चष्म्यावरून बघत होती.

"आता लिहितोयस होय? चार वर्षांचा होतास, चकलीच्या तेलाने हात पोळून घेतलास दिवाळीत. आठ दिवस रोज लावत होते. तेव्हा नुसता भोकाड पसरून बसला होतास."

"कुठला हात?"

आईने माझे दोन्ही हात धरून ट्यूबलाइटखाली उलटसुलट करून पाहिले. मीही पाहिले, कन्येनेही पाहिले. डावा की उजवा, काही केल्या सापडेना. म्हणजे गुण आला होता की आपोआपच बरं झालं होतं, ते आता कोणत्याही ऑडिटरला सांगता येणार नाही. पुराव्याचा कागदच उरलेला नाही.

"डावा," आई शेवटी म्हणाली. "लिही. माझी सही पाहिजे का?"